इनेर विहिरीची लोकसंख्या

तोरांगीचे खोजानेपेस मास्तर बावीस वर्षं पोरांकडून एकच यादी पाठ करून घेत होते. शाळेच्या नकाशांच्या पुस्तकात शेवटची चार पानं देशातल्या शहरांची आणि गावांची होती. डावीकडे नाव, उजवीकडे लोकसंख्या. आरंभाला लाखांची अश्गाबात, मग मारी, दाशोगुझ, तेजेन आणि तिथून आकडे घसरत घसरत, वाळूत शिरत शिरत, थेट तीनशे माणसांच्या गावापर्यंत. तीनशेच्या खाली सरकार मोजत नसे. दोनशे नव्व्याण्णव माणसांचं गाव म्हणजे सरकारच्या लेखी वाळू.

तोरांगी यादीत नव्हती. पोरं देशभरची गावं घडाघडा म्हणत आणि आपण ज्या बाकावर बसलोय तो बाक कुठल्या गावात आहे, याचा पुस्तकात पत्ता नाही! मास्तरांना हे फार लागे. आकडा चुकवणाऱ्या पोराला ते पट्टी मारत, पण यादी संपली की खिडकीबाहेर बघत राहत आणि पोरांना उगाच लवकर सोडत.

त्यात यादीतलं शेवटचं नाव होतं गोकओबा. लोकसंख्या तीनशे चार. आणि गोकओबात राहत होते पाल्ता मास्तर, म्हणजे खोजानेपेस मास्तरांचे सख्खे व्याही. यादीत नाव असलेल्या गावाला तालुक्याची बस येते. तोरांगीच्या माणसाला दात काढायचा असला तरी चाळीस किलोमीटर ट्रॅक्टरवर आपटत गोकओबा गाठावं लागे. बसथांब्याच्या बाकावर पाल्ता मास्तर किटली घेऊन बसलेलेच असत.

"या, या! कुठून आलात म्हणायचं? नकाशात कुठं दिसत नाही ते गाव," असं ते दर खेपेला म्हणत आणि दर खेपेला स्वतःच हसत.

अशात जनगणना लागली. दोन्ही गावांत मोजणीदार म्हणून दोन्ही मास्तरांचीच नेमणूक झाली. नियम सोपा होता. गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला माणूस जिथं असेल, तिथला तो धरायचा. तालुक्याहून आलेल्या आकजेमाल निरीक्षकबाईंनी पोळीवर हात ठेवून दोघांना शपथ घ्यायला लावली. पोळीची शपथ तुर्कमेन माणूस मोडत नाही. मोडली तर पोळी पोटात दगड होते म्हणतात.

मास्तरांनी आठवडाभर आधीच आपला अंदाज काढायला घेतला. हे काम सोपं नव्हतं. तोरांगीत पोरं मोजलेली कुणाला खपत नाहीत, दृष्ट लागते.

"पोरं किती तुमची?" असं विचारलं की उत्तर येई, "देवाची कृपा आहे, मास्तर."

"कृपा किती?"

"भरपूर."

शेवटी मास्तरांनी उंबऱ्याबाहेरचे जोडे मोजले, दोनाने भागले, एक पाय नसलेल्या बेकी म्हाताऱ्याच्या एकुलत्या जोड्यासाठी अर्धा मिळवला आणि तीन वेळा बेरीज केली. दोनशे नव्व्याण्णव.

"एक!" मास्तर घरात येऊन मटकन बसले. "ओगुलसोना, फक्त एक माणूस कमी पडतोय."

त्यांची बायको ओगुलसोना तंदूरमधून पोळ्या काढत होती. "मग शेजारची बाळंत होणार आहे ना."

"विचारून आलो. तीन आठवडे आहेत म्हणाली. मी म्हटलं, जरा लवकर जमेल का? तर तिचा नवरा फावडं घेऊन मागं लागला."

"फावडं मारायला हवं होतं," ओगुलसोना म्हणाली. मग पोळीवरचं पीठ झटकत सहज बोलून गेली, "आपली सून असती तर झाले असते तीनशे."

मास्तर बसल्या जागी ताठ झाले.

बोस्सान, त्यांची सून, दोव्रानची बायको, पाल्ता मास्तरांची धाकटी लेक. लग्नानंतर थोडे दिवस सासरी राहून ती रीतीप्रमाणे माहेरी परतली होती. नवी नवरी महिनोन्महिने माहेरी राहते, गालिचा विणते, आणि सासरचे लोक गाठोडी घेऊन, वाजतगाजत, तिला आणायला जातात. तिला आणायचं ठरलं होतं खरबुजं संपल्यावर. अजून खरबुजं पिकत होती.

"या बुधवारी आणू," मास्तर म्हणाले.

"आणि लोक विचारतील एवढी घाई का, तर काय सांगायचं? बस हवीय?"

"सांगायचं, दोव्रानला करमत नाही."

दोव्रान कोपऱ्यात बसून मोटारसायकलची साखळी पुसत होता. त्याचे कान लाल झाले. खरं म्हणजे त्याला अजिबात करमत नव्हतं, पण ते बापानं सरकारी कामात वापरावं अशी त्याची इच्छा नव्हती.

आता सुनेला आणायचं तर एकटंदुकटं जाऊन चालत नाही. म्हाताऱ्या बायका हव्यात, गाणाऱ्या बायका हव्यात, गाठोडी धरणाऱ्या हव्यात, आणि या सगळ्यांवर रुसणारी एक तरी आत्या हवीच. मंगळवारी सकाळी एक ट्रक आणि दोन ट्रॅक्टर भरून बेचाळीस माणसं गोकओबाला निघाली.

तिकडं पाल्ता मास्तरांनीही आपला अंदाज काढून ठेवला होता. मागच्या खेपेचे तीनशे चार आता बरोब्बर तीनशेवर आले होते. माहेरी आलेली बोस्सान धरून. त्यामुळे दारात व्याही, गाठोडी आणि गाणाऱ्या बायका बघून त्यांचा चेहरा चालाचा, म्हणजे उंटिणीच्या आंबवलेल्या दुधाचा, घोट घेतल्यासारखा झाला.

"काय हो व्याही, खरबुजं लवकर संपली तुमच्याकडं?"

"संपली कसली, यंदा चवच नाही त्यांना. पोराला करमत नाही हो."

"गेला दीड महिना बरं करमत होतं!"

"बाप आहे मी त्याचा. मला कळतं."

"मीही मोजणीदार आहे, व्याही. मलाही कळतं."

दोघं एकमेकांकडं बघून गोड हसले. सासरची माणसं गाठोडी आणि पोळ्या घेऊन आली की त्यांना रिकाम्या हाती पाठवता येत नाही. पोळी परतवणं म्हणजे पाप. पाल्ता मास्तरांना नाही म्हणता येईना. पण जेवू घालता येत होतं. त्यांनी मंगळवार जेवणात घालवला. बुधवारही जेवणातच जावा अशी त्यांची योजना होती, पण मध्ये बोस्सान आली.

सासऱ्यासमोर तुर्कमेन सून बोलत नाही. डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरते आणि गप्प राहते. म्हणून बोस्साननं आतल्या खोलीत जाऊन, भिंतीला तोंड करून, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात आपल्या आईला सांगितलं, "आई, बाबांना सांग, मी मेंढी नाही. या गोठ्यात एक कमी, त्या गोठ्यात एक जास्त, असं हाकायला. मला नवऱ्याकडं जायचंय म्हणून मी चालले. बस कुणाला मिळायची ती मिळो."

बाहेर गालिच्यावर दोन्ही व्याही चहाच्या वाटीत बघत बसले. दोव्रानचे कान पुन्हा लाल झाले, पण या खेपेला तो हसत होता.

बुधवारी सकाळी वरात निघाली. नवरीला माहेरची माणसं अर्ध्या वाटेपर्यंत पोचवतात, म्हणून पाल्ता मास्तरही नवरीबरोबर अडतीस माणसं घेऊन निघाले. त्यांनी मनात हिशेब केला होता. संध्याकाळपर्यंत आपण घरी, उद्या सकाळी कुठूनतरी एक माणूस पैदा करू. तालुक्याचा न्हावी महिन्यातून एकदा येतो, त्याला बाराच्या ठोक्याला दाढीला बसवून ठेवू.

अर्ध्या वाटेवर इनेर विहीर. तिथं एकच घर, गार्ली-आगा आणि त्याची म्हातारी नाबात. दोघं, मेंढ्यांचा कळप, चार उंटिणी आणि एक आंधळं कुत्रं. वरात विहिरीपाशी पोचली आणि वारा सुटला. बघता बघता आकाश पिवळं झालं, ट्रकचं तोंड दिसेना. रुसणारी आत्या कुठल्या ट्रॅक्टरवर रुसलीय तेही कळेना. ब्याऐंशी माणसं गार्ली-आगाच्या घरात, मेंढवाड्यात आणि गवताच्या छपराखाली घुसली.

गार्ली-आगा दारात उभा राहून एकेकाचा हात दोन्ही हातांत घेत होता. त्याच्याकडं मागचे पाहुणे तीन वर्षांपूर्वी आले होते, तेही वाट चुकून.

"म्हातारे!" तो ओरडला, "माणसं आलीत गं! माणसं!"

त्यानं लगेच तीन मेंढ्या कापल्या. वारा संध्याकाळी पडला, पण कढई अजून चुलीवर होती. कढई चुलीवर असताना उठून जाणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं. मग जेवण झालं. जेवल्यावर घरातला वडीलधारा दोन्ही हात उचलून दुवा मागतो, सगळे तोंडावरून हात फिरवतात, आणि मगच पंगत उठते. ही दुवा मागितल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही. गार्ली-आगा हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"आगा, दुवा," पाल्ता मास्तरांनी आठवण केली.

"चहा व्हायचाय."

प्रत्येक पाहुण्याला त्याची स्वतःची किटली द्यायची रीत. गार्ली-आगाकडं किटल्या होत्या दोन. ब्याऐंशी माणसांचा चहा दोन किटल्यांत, एकेकाला सावकाश, गप्पा मारत! झोपायची वेळ आली तेव्हा चोवीसजणांचा झाला होता.

गुरुवार उजाडला. खोजानेपेस मास्तरांनी घड्याळ बघितलं. सहा. वीस किलोमीटर, सगळं जमून येईल. पण तेवढ्यात तोरांगीकडून धूळ उठली. वरात परतली नाही म्हणून शोधायला ऐंशी माणसं आली होती. गार्ली-आगाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आणखी चार मेंढ्या पाडल्या.

"अहो, आम्ही जेवायला नाही आलो, शोधायला आलोय!" शोधणारे म्हणाले.

"सापडली ना माणसं? मग बसा."

आठच्या सुमारास गोकओबाकडून धूळ उठली. तीही शोधणारीच. नऊ वाजता शोधणाऱ्यांना शोधणारे आले. एव्हाना इनेरवर मेजवानी आहे ही बातमी वाऱ्यासारखी पसरली होती. मग जे आले त्यांनी शोधतोय असं म्हणायचीही तसदी घेतली नाही, सरळ चमचे घेऊन आले. शेजारची गरोदर बाईसुद्धा गाढवावरून आली आणि तिचा नवरा फावड्याऐवजी खरबूज घेऊन.

खोजानेपेस मास्तर एकेकाच्या मागं धावत होते. "अरे घरी जा! बारा वाजता घरी पाहिजे माणूस! बस जाईल!"

"दुवा झाली की निघतोच, मास्तर," जो तो म्हणे आणि मांडी ठोकून बसे.

साडेदहाला दोन्ही मास्तर एकत्रच गार्ली-आगापुढं जाऊन बसले.

"आगा, तुझ्या पाया पडतो. हात उचल."

"उचलतो की. पलाव मुरू दे."

"पलाव मुरेपर्यंत आमची गावं मरतील!"

गार्ली-आगानं दोघांकडं नवलानं पाहिलं, मग भोवताली पसरलेल्या त्या गर्दीकडं. बायका गात होत्या, पोरं विहिरीभोवती पळत होती, नाबात म्हातारी हातवारे करत रुसलेल्या आत्याची समजूत काढत होती. "गावं कशी मरतील?" तो म्हणाला. "ही काय सगळी इथं बसलीत."

बाराला पाच मिनिटं असताना आकजेमाल निरीक्षकबाईंची जीप आली. बाई सकाळी तोरांगीत गेल्या होत्या. तिथं त्यांना सात म्हातारी माणसं भेटली, त्यातली चार झोपलेली. मग गोकओबात गेल्या. तिथं बाराजण होते आणि त्या सर्वांनी 'सगळे जेवायला गेलेत' असं सांगितलं. त्या चाकांच्या खुणा धरून इथवर आल्या होत्या.

"मास्तर," बाई घड्याळाकडं बघत म्हणाल्या, "बारा वाजले. इथं किती आहेत?"

खोजानेपेस मास्तरांनी फॉर्म मांडीवर घेतले. पाल्ता मास्तर हळूच सरकून त्यांच्या कानाशी आले. लग्न ठरल्यापासून दोघं व्याही एवढे जवळ कधी बसले नव्हते.

"व्याही," पाल्ता कुजबुजले, "तीनशे तुम्हाला, तीनशे आम्हाला. म्हाताऱ्याला दोन. बाईंना काय कळतंय? गर्दी हलतेय."

बाईंना ऐकू गेलं. त्यांनी कपाळावरची वाळू पुसली. "मी काही बघितलं नाही. मोजणीदार तुम्ही. तुम्ही लिहाल ते मी वर पाठवीन. शपथ तुम्ही घेतलीय."

मास्तरांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. बावीस वर्षं! एक ओळ लिहायची, तोरांगी तीनशे, की झालं. पुढच्या वर्षी पोरं यादी म्हणत शेवटाकडं येतील आणि आपल्या गावाचं नाव घेतील. चौकात बस उभी राहील. हे सगळं त्यांना अगदी स्पष्ट दिसत होतं आणि त्यांना ते फार हवं होतं. पण त्याचबरोबर त्यांना पट्टी खाल्लेले सगळे हात दिसत होते. आकडा चुकला म्हणून. आणि आता त्याच यादीत आपण आपल्या हातानं चुकीचा आकडा घालायचा? उद्या तो पोरांकडून पाठ करून घ्यायचा?

"छे!" ते मोठ्यानं म्हणाले. "नाही जमायचं, व्याही."

"अहो पण—"

"पोटात दगड होईल."

त्यांनी दोन तास जोडे नव्हे, डोकी मोजली. सूनबाईपाशी आले तेव्हा तिनं रुमालाचं टोक दातांत धरून एक बोट वर केलं. एक. शेवटी त्यांनी लिहिलं: तोरांगी, सात. गोकओबा, बारा. इनेर विहीर, पाचशे ब्याऐंशी.

"आणि तुम्ही दोघं," ते निरीक्षकबाईंना म्हणाले.

"मी? मी तालुक्याची आहे, मास्तर!"

"बाराच्या ठोक्याला इथं होता. तुम्ही आणि तुमचा ड्रायव्हर. पाचशे चौऱ्याऐंशी."

बाईंनी सही केली. तेव्हा गार्ली-आगानं एकदाचे हात उचलले, दुवा मागितली आणि पाचशे चौऱ्याऐंशी माणसांनी तोंडावरून हात फिरवले.

पुढचे सहा महिने खोजानेपेस मास्तरांचे फार वाईट गेले. गावात कुणी त्यांना चहाला बोलवेना. पाल्ता मास्तरांनी बोलणं टाकलं, कारण गोकओबाचीही बस बंद झाली होती. त्यांचा बाक आता वाळूत रुतला होता. घरात तेवढं बरं होतं. बोस्सान आली होती आणि तिच्यामुळे दोव्रान दिवसभर शीळ घालत हिंडे.

वसंतात नवं पुस्तक आलं. मास्तरांनी वर्गात शेवटची पानं उघडली. तोरांगी नव्हती. गोकओबाही नव्हती. पण पोरांनी अश्गाबातपासून सुरुवात केली आणि उतरत उतरत आली तेव्हा, खऱ्या, मोठ्या, पाण्याच्या नळांच्या गावांच्या रांगेत उभं होतं: इनेर विहीर, ५८४. पोरं खो खो हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी आकडा नीट तीनदा म्हणवून घेतला आणि मग घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. आपण शहाणपणा केला की मूर्खपणा, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. बरोबर लिहूनही चूकच छापली गेली होती.

चौथ्या दिवशी सकाळी अंगणात उंटीण बसल्याचा आवाज आला. गार्ली-आगा होता. स्वच्छ धुतलेला झगा, डोक्यावर नवी टेल्पेक, मेंढीच्या लोकरीची मोठी टोपी, आणि हातात शिक्क्याचा कागद. तो आत आला, पण बसला नाही. आपल्यापेक्षा वयानं मोठा माणूस उभा आहे म्हणून मास्तरही उठून उभे राहिले.

"मास्तर, तुम्ही शिकलेले. हे मला वाचून सांगा. आठवड्यात तीनदा बस येते हो माझ्या दारात. ड्रायव्हर एकटाच असतो. भोंगा वाजवतो, चहा पितो, परत जातो. परवा ट्रक आला. पाचशे चौऱ्याऐंशी माणसांचं पीठ टाकून गेला. पोती घरात मावत नाहीत, मेंढ्या बाहेर झोपतात."

"आगा, माझी चूक झाली. मी तालुक्याला लिहितो, ते परत नेतील."

"परत?" म्हातारा गोंधळला. "परत कशाला? सरकारनंच लिहिलंय ना, इनेर विहिरीवर पाचशे चौऱ्याऐंशी माणसं राहतात? ट्रकवाला तसं म्हणाला. मी कागद म्हातारीला दाखवायला नेला, तिलाही वाचता येत नाही, पण तिनं कागदाचं चुंबन घेतलं. परवापासून तंदूर पेटवून बसलीय. पोळ्या थापतेय, झाकतेय, रस्त्याकडं बघतेय. मला विचारून विचारून भंडावून सोडलंय तिनं. म्हणून आलो." त्यानं टेल्पेक काढून छातीशी धरली. "ती विचारतेय, माणसं कधी यायचीत?"

 मास्तरांनी खाली मान घालून भिंतीवरचा झगा काढला, उलटा घातला, पुन्हा काढून सुलटा घातला आणि दारात येऊन हाक मारली.

"ओगुलसोना! दोव्रानला गोकओबाला पाठव. म्हणावं, व्याह्यांना सांग, चमचे घेऊन या."